कांदिवलीहून कोकण किती दूर?

मुंबईच्या विमानतळापासून गोव्याच्या उत्तर टोकावरील मोपाच्या विमानतळापर्यंतचे अंतर आकाशमार्गाने मोजले तर ते सुमारे ३९० किलोमीटर भरते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिपी त्याहूनही अलीकडे, साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. वेळापत्रकात या उड्डाणासाठी सव्वा तासाच्या आगेमागे वेळ दाखविलेली असते. या आकड्यांचा आधार घेऊन ‘कोकण आता तासाभरावर आले’ असे उद्गार गेल्या काही वर्षांत व्यासपीठांवरून इतक्या वेळा निघाले आहेत की, त्यांची शहानिशा करण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली आहे. कांदिवलीच्या चारकोपमध्ये किंवा पोयसरला राहणारा आणि वर्षातून दोनदा सावंतवाडी, कुडाळ, कणकवलीकडे जाणारा शिक्षक अथवा कारकून हे उद्गार ऐकतो आणि रजेचा अर्ज लिहिताना जाण्यासाठी एक व येण्यासाठी एक असे दोन दिवस निमूटपणे वाढवून घेतो. त्याचा हिशेब आणि व्यासपीठावरचा हिशेब यांत एवढी तफावत का पडावी, याचा विचार करणे आवश्यक आहे. कारण सार्वजनिक पैसा कोणत्या मार्गावर खर्च करावयाचा, हे पुष्कळदा व्यासपीठावरच्या हिशेबावरून ठरत असते.

प्रथम उड्डाणाची वेळ म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. तिकिटावर छापलेली वेळ ही विमान हवेत राहण्याची वेळ नव्हे. विमान आपल्या जागेवरून हलले, तेथपासून दुसऱ्या विमानतळावरील जागी थांबले, तेथपर्यंतचा तो काळ असतो. धावपट्टीच्या टोकाशी रांगेत उभे राहणे, उतरल्यावर रखडत जागेवर येणे, हे सारे त्यात धरलेले असते. लांबच्या प्रवासात या रखडपट्टीचे प्रमाण नगण्य ठरते. मुंबई-दिल्लीसारख्या साडेअकराशे किलोमीटरांच्या टप्प्यात विमानाला आपला पूर्ण वेग दाखविण्यास अवसर मिळतो. परंतु साडेतीनशे-चारशे किलोमीटरांच्या टप्प्यात विमान पुरेसे उंच चढते न चढते तोच त्याला उतरणीला लागावे लागते. म्हणजे अंतर जितके कमी, तितकी विमानाच्या वेगाची किंमत कमी. ही गोष्ट अंकगणिताची असून तिच्यात राजकारण नाही. पण जवळच्या ठिकाणांसाठी विमानतळ बांधताना तिचा विचार झाल्याचे क्वचितच दिसते.

त्यातून मुंबईच्या विमानतळाची अडचण वेगळीच आहे. येथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात. त्यामुळे दोन धावपट्ट्या असूनही एका वेळी एकच वापरता येते. या एका वाटेवरून दिवसाकाठी नऊशेच्या वर, प्रसंगी हजारांहून अधिक, उड्डाणे व अवतरणे होत आली आहेत. परिणाम असा की, विमाने येतात आणि जागा मिळेपर्यंत मुंबईच्या आकाशात घिरट्या घालीत राहतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने गर्दीच्या वेळेतील विमानांची ये-जा तासाला ४६ वरून ४४ वर आणण्याचा आदेश काढला, तेव्हा त्याची कारणे देताना ही घिरट्यांची वेळ ४० ते ६० मिनिटांपर्यंत जाते, असे सरकारनेच नमूद केले होते. गोव्याहून निघालेल्या विमानास मुंबईपर्यंत येण्यास जेवढा वेळ लागावा, तेवढाच वेळ मुंबईवर फिरत राहण्यात जावा, हा प्रकार मोठा विलक्षण खरा. परंतु वेळापत्रकातील सव्वा तासाला त्यामुळे बाध येतो, असे मात्र कोणी मानीत नाही.

आता हाच प्रवास घराच्या उंबरठ्यापासून मोजून पाहावा. कांदिवलीहून विमानतळ फार दूर नाही; पंधरा किलोमीटरांच्या आतबाहेर. परंतु पश्चिम द्रुतगती मार्गाला ‘द्रुत’ हे विशेषण ज्यांनी बहाल केले, त्यांनी तो सायंकाळी सहा वाजता पाहिला नसावा. तासाभराची तजवीज ठेवल्याशिवाय शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. मेट्रोचा मार्ग आता आहे आणि तो खरोखरच सोयीचा आहे. दहिसर ते गुंदवली ही गाडी जानेवारी २०२३ पासून पूर्ण धावू लागली. आकुर्लीला बसून गुंदवलीला उतरावे, तेथून घाटकोपरकडे जाणारी दुसरी मेट्रो धरून मरोळ नाक्याला यावे, आणि तेथून भुयारी मेट्रोने एक स्थानक गेले की विमानतळ येतो. पण तीन गाड्या बदलायच्या, आणि त्या हातात दोन पिशव्या, खांद्यावर मूल आणि सोबत वृद्ध आई असताना, हे ध्यानात घेतले म्हणजे कोकणात जाणारी माणसे अखेर टॅक्सीच का करतात, ते कळते. विमानतळावर दोन तास आधी हजर व्हावे, असे सांगितलेले असते. उड्डाणाचा सव्वा तास. उतरल्यावर सामान हाती येईपर्यंत अर्धा तास. मोपाहून सावंतवाडीस किंवा त्यापुढच्या एखाद्या वाडीत पोचण्यास तास-दीड तास. बेरीज सहा तासांच्या घरात जाते. त्यांपैकी माणूस प्रत्यक्ष हवेत असतो, तो जेमतेम पाऊण तास.

सहा तास ही वेळ रेल्वेच्या दहा-बारा तासांपेक्षा कमीच आहे, असे यावर कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. विमानाची उपयुक्तता नाकारण्यात काहीच अर्थ नाही. गावाहून रात्री दूरध्वनी येतो, वडील गेल्याचे कळते, आणि मुंबईकर मुलगा येईपर्यंत मंडळी थांबलेली असतात. अशा वेळी पहाटेचे विमान मिळणे आणि न मिळणे यांत, अग्नी देण्यास मुलगा उपस्थित असणे किंवा नसणे एवढे अंतर असते. अशा प्रसंगी माणूस तिकिटाच्या रकमेकडे पाहत नाही, आणि नेमक्या अशाच प्रसंगी ती रक्कम सर्वांत जास्त असते. कारण आयत्या वेळी काढलेले तिकीट महाग, हा विमान व्यवसायाचा सर्वमान्य नियम आहे. सणाच्या दिवसांतही तोच नियम लागू होतो. चौघांच्या कुटुंबाला गणपतीसाठी विमानाने जाऊन विमानाने परतायचे, तर एखाद्या शिक्षकाच्या महिन्याच्या पगारातील केवढा भाग त्यात जाईल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. तेव्हा कोकण तासाभरावर आले ते कोणासाठी, हा प्रश्न उरतोच.

पण कांदिवलीच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती सहसा बोलली जात नाही. कोकणी माणूस मुंबईत आला तो प्रामुख्याने गिरणगावात. लालबाग, परळ, शिवडी, माझगाव या त्याच्या वस्त्या. गावी जाण्याची वाट होती भाऊच्या धक्क्यावरून. ट्रंक डोक्यावर घेऊन चालत जावे, इतका तो धक्का जवळ होता. तेथून बोट सुटे आणि दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाई. बोट लागून माणसे बेजार होत; बंदराबाहेर बोट उभी राहिली म्हणजे पडावात उड्या माराव्या लागत; पावसाळ्यात तर सारेच बंद. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून शेकडो माणसे प्राणास मुकली, तेव्हा या जलमार्गाची जोखीम सर्वांच्या ध्यानी आली. त्या प्रवासाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु घरापासून प्रवासाच्या आरंभापर्यंतचे अंतर त्या काळी फारसे नव्हते, ही गोष्ट मात्र खरी. पुढे रस्ता सुधारला, एस. टी. आली, परळ आणि मुंबई सेंट्रलहून गाड्या सुटू लागल्या. त्याही त्या वस्त्यांना जवळच होत्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगाव हळूहळू विस्कटले. खोल्या विकल्या गेल्या, कुटुंबे वाढली, आणि माणसे उत्तरेकडे सरकली. त्याच दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने चारकोप आणि गोराई येथे अल्प उत्पन्न गटांसाठी भूखंड पाडून रस्ते, पाणी, मलनिस्सारण यांची सोय करून देण्याची योजना राबविली गेली. चारकोपचे सेक्टर आणि त्यांतील छोट्या छोट्या सहकारी सोसायट्या हे त्या योजनेचे फळ. कांदिवली, बोरिवली, दहिसर या पट्ट्यात आज रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या माणसांची जी दाट वस्ती दिसते, तिच्या मागे हा इतिहास आहे. गावच्या मंडळांच्या सभा पूर्वी परळच्या चाळींत भरत, त्या आता येथील शाळांच्या सभागृहांत भरतात. गाव होते तेथेच राहिले. मुंबईतले घर मात्र चर्चगेटपासून तीस किलोमीटरांहूनही दूर गेले. आणि कोकणात जाण्याचे दरवाजे? ते दादर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, कुर्ल्याचे टर्मिनस, ठाणे, पनवेल या बाजूला राहिले. थोडक्यात, माणूस वायव्येला गेला आणि त्याची वाट आग्नेयेला राहिली. एका पिढीत कोकण जवळ येण्याऐवजी दूर गेले ते अशा रीतीने, आणि हे दूर जाणे कोणत्याही नकाशात दिसत नाही.

नकाशावरील अंतर आणि माणसाच्या वाट्याला येणारे अंतर यांत फरक पडतो, याचे दाखले इतिहासात थोडे नाहीत. मुंबई आणि गोवा यांच्यातील हवाई अंतर १९५५ सालीही आजच्याइतकेच होते. परंतु त्या वर्षी भारत सरकारने पोर्तुगीज अमलाखालील गोव्याशी असलेली दळणवळणाची साधने तोडली; रेल्वे बंद झाली आणि सरहद्दीवर परवाने आले. पोर्तुगिजांनी आपली स्वतंत्र विमानसेवा सुरू केली आणि दाबोळीहून निघालेली विमाने दमण-दीव करीत थेट कराचीकडे जाऊ लागली. सव्वाचारशे किलोमीटरांवरची मुंबई वगळून दुप्पट-तिप्पट अंतरावरची कराची गोव्याला जवळची झाली होती. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि हे उलटे झालेले अंतर पुन्हा सुलटे झाले. कराचीची गोष्ट तर याच्या अगदी विरुद्ध. टाटांच्या हवाई टपालसेवेचा आरंभ १५ ऑक्टोबर १९३२ रोजी झाला तो कराची-मुंबई याच मार्गावर. जे. आर. डी. टाटा एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानातून कराचीहून निघाले आणि अहमदाबादला थांबून जुहूच्या मैदानावर उतरले. हे अंतर सरळ रेषेत पावणेनऊशे किलोमीटरांच्या आसपास आहे आणि ते त्यांनी एका दिवसात कापले. आज या दोन शहरांमध्ये थेट विमान नाही. जायचेच झाले तर आखाताला वळसा घालावा लागतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या आपल्या विमानांचेही तास वाढले. पृथ्वी तीच, विमाने पूर्वीपेक्षा वेगवान, आणि प्रवास मात्र लांबलेला! कोठे राज्यकर्त्यांचे वैर, तर कोठे नियोजनकारांचे दुर्लक्ष. कांदिवलीच्या वाट्याला आले आहे ते दुसरे.

हे दुर्लक्ष कसे घडते, याचे उदाहरण म्हणून चिपीच्या विमानतळाकडे पाहता येईल. वेंगुर्ले तालुक्यात परुळ्याजवळ अडीच किलोमीटर लांबीच्या धावपट्टीचा हा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. समारंभ मोठा झाला. कोणामुळे विमानतळ झाला याविषयी व्यासपीठावरच वाद झाला आणि वर्तमानपत्रांना तो वाद विमानतळापेक्षा अधिक रुचकर वाटला. असो. ‘उडान’ या केंद्र सरकारच्या योजनेखाली मुंबई-चिपी अशी फेरी सुरू झाली. या योजनेची कल्पना मुळात चांगली आहे. सुमारे पाचशे किलोमीटरांच्या, म्हणजे तासाभराच्या उड्डाणासाठी काही जागांचे भाडे अडीच हजार रुपयांच्या आसपास बांधून द्यावयाचे आणि विमान कंपनीला येणारी तूट सरकारने तीन वर्षे भरून काढावयाची. तोवर प्रवासी वाढतील आणि मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, असा तिचा हिशेब. परंतु प्रवासी वाढण्यासाठी विमान ठरल्या दिवशी ठरल्या वेळी सुटावे लागते. चिपीच्या फेऱ्या रद्द होण्याच्या तक्रारी वारंवार येत राहिल्या. आपले विमान उद्या जाईल की नाही याची शाश्वती नसलेला चाकरमानी नाइलाजाने रेल्वेकडे वळतो, किंवा परवडत असेल तर मोप्याकडे. कारण जानेवारी २०२३ पासून मोपा सुरू झाले आणि तेथे विमानांची संख्या कितीतरी अधिक आहे. तीन वर्षे सरली, साहाय्याची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई-चिपी ही फेरी थांबली. विमानतळ बांधणे आणि विमानसेवा चालविणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात कोनशिला असते, दुसऱ्यात नसते. आणि आपल्या राज्यकर्त्यांचा ओढा कोनशिलेकडे अधिक असतो.

नव्या मुंबईच्या विमानतळाकडूनही कांदिवलीकराने फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने सुटू लागली. मुंबईच्या छेदणाऱ्या धावपट्ट्यांवरील भार त्याने हलका होईल, ही मोठीच गोष्ट आहे. पण कांदिवलीहून तो विमानतळ पन्नास किलोमीटरांच्या पुढे, पनवेलच्या बाजूस आहे. कोकणात जाणाऱ्या माणसाने विमान पकडण्यासाठी पनवेलपर्यंत यावयाचे, तर कोकणचा रस्ता तेथून सुरूच झालेला असतो! पनवेल गाठलेल्या माणसाला पुढच्या प्रवासासाठी चांगली गाडी आणि धड रस्ता एवढेच हवे असते. त्यांपैकी रस्त्याची कथा सर्वश्रुत आहे. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि २०२५ च्या गणेशोत्सवातही ते पुरे झालेले नव्हते. या कालखंडात देशात इतरत्र शेकडो किलोमीटरांचे द्रुतगती मार्ग उभे राहिले. आपल्याच राज्यात मुंबई-नागपूर हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. तेव्हा पैसा नाही, तंत्र नाही, जमीन मिळत नाही या सबबी कोकणापुरत्याच का खऱ्या ठराव्यात, याचे उत्तर कोणीतरी द्यावयास हवे.

राहता राहिली रेल्वे. आणि खरे पाहता सर्वांत अधिक विचार तिचाच व्हावयास हवा. कोकण रेल्वे हे स्वतंत्र भारतातील एक मोठे काम आहे. अ. ब. वालावलकरांनी तिचा ध्यास घेतला, बॅ. नाथ पै आणि त्यांच्यामागून मधु दंडवते यांनी संसदेत तिचा पाठपुरावा केला, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन यांनी नव्वदांहून अधिक बोगदे व सुमारे दोन हजार लहानमोठे पूल असलेला हा मार्ग जानेवारी १९९८ मध्ये पुरा करून दाखविला. सह्याद्रीच्या कुशीतील ही वाट अवघड आहे. २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये आंबवलीजवळ झालेल्या अपघातांनंतर पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो. तो वेळ वाया जातो असे कोणीही समंजस माणूस म्हणणार नाही. परंतु मार्ग सुरू होऊन पाव शतक उलटले तरी रोहा ते वीर हा ४६ किलोमीटरांचा तुकडा सोडता महाराष्ट्रातील कोकण रेल्वे एकपदरीच आहे. एक गाडी दुसरीसाठी थांबते, दुसरी तिसरीसाठी, आणि वेळापत्रक एका पावसात कोलमडते. महामंडळाजवळ दुपदरीकरणाइतका पैसा नाही, म्हणून ते भारतीय रेल्वेत विलीन करावे असा विचार पुढे आला आणि २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यास संमतीही दिली. ती संमती कागदावर किती काळ राहते, हे पाहायचे.

कांदिवलीपुरते बोलायचे, तर २९ ऑगस्ट २०२४ रोजी बोरिवलीहून हिरवा झेंडा दाखवून वांद्रे-मडगाव ही गाडी सुरू झाली, तेव्हा पश्चिम उपनगरांतील कोकणवासीयांची अनेक वर्षांची मागणी तत्त्वतः मान्य झाली. ‘तत्त्वतः’ हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे. गाडी आठवड्यातून दोनच दिवस धावते, आणि तीही दिवसाची. सकाळी निघून रात्री उशिरा पोचणारी गाडी सुट्टीतील एक पूर्ण दिवस खाऊन टाकते. नोकरदार माणसाला रात्री बसून सकाळी उतरता येईल अशी गाडी लागते. त्याची रजा ठरलेली असते, आणि तीतला प्रत्येक दिवस मोजून खर्च करावा लागतो. पाच दिवसांचा गणपती करून सहाव्या दिवशी शाळेत हजर व्हावयाचे असते. रात्रीच्या गाडीसाठी त्याला अद्यापही कांदिवलीहून लोकलने दादर गाठून, सामानासह पूल चढून पश्चिमेकडून मध्य रेल्वेकडे जावे लागते. जून २०२३ पासून मडगावला जाणारी वंदे भारत गाडी वेगवान खरीच. पण ती पहाटे सुटते आणि ती पकडण्यासाठी कांदिवलीकराला मध्यरात्र उलटताच उठावे लागते. ज्यांना हे जमत नाही ते बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनीतून एस. टी. धरतात किंवा महामार्गाच्या कडेला खाजगी बसची वाट पाहत उभे राहतात.

वांद्र्याहून निघालेल्या गाडीला आणखी एक अडथळा आहे. वसईला पोचल्यावर पनवेलच्या फाट्यावर वळण्यासाठी इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडावे लागते. त्यात वेळ जातो, आणि वसईचे फलाट अडून राहतात म्हणून अशा अधिक गाड्या सोडण्यास रेल्वे तयार होत नाही. यावर उपाय अज्ञात नाही. नायगाव आणि जूचंद्र यांना जोडणारा सुमारे पावणेसहा किलोमीटरांचा दुपदरी जोडमार्ग मंजूर झालेला आहे. तो झाला की बोरिवलीकडून आलेली गाडी वसईला न जाता थेट पनवेलच्या वाटेला लागू शकेल. खार ते गोरेगाव सहावी मार्गिका नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि पुढे कांदिवलीपर्यंत ऑक्टोबर २०२४ मध्ये तयार झाली; ती लांब पल्ल्याच्या गाड्यांना लोकलपासून वेगळी वाट मिळावी यासाठीच. म्हणजे एका बाजूने रूळ घरापर्यंत आले आहेत आणि दुसऱ्या बाजूने ते कोकणात उतरलेले आहेत. मधली पावणेसहा किलोमीटरांची गाठ तेवढी मारायची उरली आहे. एखाद्या विमानतळाच्या तुलनेत तिचा खर्च किरकोळ आहे. कदाचित त्यामुळेच तिच्याविषयी कोणी भाषण करीत नसावे.

सावंतवाडीच्या बाजूलाही असेच एक अर्धे राहिलेले काम आहे. तेथे रेल्वेचे टर्मिनस होणार म्हणून २०१५ मध्ये भूमिपूजन झाले. गाड्या उभ्या करण्यास, धुण्यास, पाणी भरण्यास तेथे जागा झाली, तर मुंबईहून सुटणारी गाडी गोव्यापर्यंत न नेता सावंतवाडीला संपविता येईल आणि सिंधुदुर्गाच्या वाट्याच्या जागा मडगावच्या पर्यटकांशी वाटून घ्याव्या लागणार नाहीत. सुरत, अहमदाबादहून केरळकडे जाणाऱ्या गाड्या याच रुळांवरून जातात. त्यांतील फारच थोड्या सिंधुदुर्गातील स्थानकांवर थांबतात. देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणाऱ्यांनाही वाट हवी, हे खरे. पण ज्यांच्या जमिनींतून ती वाट गेली त्यांनी फाटकाशी उभे राहून डबे मोजावेत, ही स्थिती शोभादायक नाही.

तेव्हा मागणी करावयाची तर ती नेमकी करावी. बोरिवलीहून सावंतवाडीसाठी रोज रात्री एक गाडी सुटावी, तिला मुंबईच्या बाजूला अंधेरीचा आणि कोकणच्या बाजूला छोट्या स्थानकांचा थांबा असावा, आणि जोडमार्गाच्या कामाची मुदत जाहीर होऊन तिचा आढावा दर तीन महिन्यांनी लोकांसमोर ठेवला जावा. चिपीसाठी पुन्हा सरकारी साहाय्य द्यावयाचे असेल तर ते फेऱ्यांच्या संख्येवर न देता वेळेवर सुटलेल्या फेऱ्यांवर द्यावे, आणि मृत्यू किंवा गंभीर आजार यांसारख्या कारणाने आयत्या वेळी जाणाऱ्यांसाठी बांधील भाड्याच्या काही जागा राखून ठेवाव्यात. उत्तर मुंबईचे आणि सिंधुदुर्गाचे लोकप्रतिनिधी यांनी या प्रश्नावर एकत्र बसण्यासही हरकत नसावी. मतदार बहुतांशी एकाच कुटुंबातले असतात.

नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते. गणेशोत्सवाच्या जादा गाड्यांची घोषणा मात्र बहुधा त्यानंतर, कधी कधी अगदी तोंडावर होते; तोवर नियमित गाड्यांची प्रतीक्षायादी भरून गेलेली असते आणि खाजगी बसवाल्यांनी आपले दर ठरवून टाकलेले असतात. पुढच्या गणपतीच्या जादा गाड्यांची यादी, आणि त्यांतील बोरिवलीमार्गे जाणाऱ्या किती हा आकडा, त्या साठ दिवसांच्या आधी प्रसिद्ध करण्यास रेल्वेला नवा रूळ टाकावा लागणार नाही किंवा संसदेची मंजुरीही घ्यावी लागणार नाही.